एलएलएमची पदवी खरी, हजेरी खोटी

मी बार्शीच्या कोर्टात आठ वर्षं वकिली करते आहे. वकीलच फसली म्हटल्यावर पक्षकार विश्वास कसा ठेवतील, या धास्तीने मी हे कुणाशी बोलले नव्हते. गेल्या महिन्यात बार रूममध्ये एका ज्युनिअरने मोबाइल पुढे केला. "ताई, इथून एलएलएम केलं तर चालेल ना?" स्क्रीनवर मला एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, मिळवून देणाऱ्या एजंटचाच नंबर होता. म्हणून लिहिते आहे.

2022 साली माझी मुलगी तीन वर्षांची होती. लॉ कॉलेजात शिकवायचं हे माझं जुनं स्वप्न. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एलएलएमला 55 टक्के हवेत आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नियमित एलएलएमसाठी रोज सोलापूर किंवा पुण्यात हजर राहणं घर आणि तारखा सांभाळून जमणारं नव्हतं. ओळखीतून पुण्यातल्या एका एजंटचा नंबर मिळाला. म्हणाला, "मॅडम, हा कोर्स खास नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांसाठीच आहे. प्रवेश परीक्षा नाही, क्लास फक्त रविवारी, ऑनलाइन. युनिव्हर्सिटी यूजीसी मान्यताप्राप्त आहे, यादीत बघून घ्या."

मी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, यादी बघितली. परराज्यातलं ते खासगी विद्यापीठ यादीत खरोखर होतं. तिथेच मी थांबले आणि तीच माझी चूक झाली. विद्यापीठ यादीत आहे याचा अर्थ त्याला पदवी देण्याचा अधिकार आहे, एवढाच. कोणता अभ्यासक्रम कोणत्या पद्धतीने शिकवायचा हा वेगळा प्रश्न आहे. यूजीसीच्या 2020 च्या विनियमांनुसार कायद्याचं शिक्षण दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देताच येत नाही. वैद्यक आणि अभियांत्रिकीलाही तीच मनाई आहे. कोर्टात मी रोज समोरच्याला कलम दाखवायला सांगते. इथे मात्र विचारलंच नाही.

एकूण 1 लाख 15 हजार गेले. पहिले 25 हजार यूपीआयने, तेही एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात. उरलेले तीन हप्त्यांत रोख. पावती मिळाली फक्त 40 हजारांची.

दोन वर्षांत जेमतेम बारा लेक्चर झाली. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रश्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली, कोऱ्या उत्तरपत्रिका कुरिअरने. हॉल तिकिटावर परीक्षा केंद्र म्हणून विद्यापीठाचा पत्ता होता आणि पेपर मी घरी जेवणाच्या टेबलावर लिहिले. मन खात होतं. एजंटला विचारलं तर म्हणाला, "कोविडनंतर सगळीकडे असंच चालतं, मॅडम." मला ते ऐकायचं होतं, म्हणून पटलं.

प्रबंध मात्र मी जीव ओतून लिहिला. विषय होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालच्या पोटगीची वसुली. आदेश झाल्यावरही बायकांना पैसे हातात पडायला किती खेपा घालाव्या लागतात, ते मी जुनी प्रकरणं काढकाढून तपासलं. 110 पानं झाली. तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर सहा मिनिटांत उरकली, परीक्षकांनी कॅमेरासुद्धा लावला नाही. ती पानं कुणी उलगडलीही नसतील. पैशांपेक्षा याचं दुःख मला जास्त आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये होलोग्राम लावलेली पदवी पोस्टाने घरी आली. सासूबाईंनी देवापुढे ठेवली.

जुलै 2025 मध्ये एका लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी गेले. छाननीला बसलेल्या प्राध्यापक मॅडमनी माझी गुणपत्रिका उलटी केली आणि मागच्या बाजूच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं: नियमित, पूर्णवेळ. शेजारी त्यांनी माझाच अनुभवाचा दाखला ठेवला, 2022 ते 2024 बार्शीत अखंड वकिली. "यातलं एकच खरं असू शकतं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "अर्ज मागे घ्या. हे नोंदीत गेलं तर तुमच्या वकिलीच्या सनदेवर येईल." परतीच्या एसटीत मी फाइल छातीशी धरून बसले होते, ती बार्शी येईपर्यंत.

खरा डाव मला तेव्हा उमगला. गुणपत्रिकेवर 'ऑनलाइन' छापलं असतं तर पदवी पहिल्याच टेबलावर अडली असती आणि दोष त्यांच्यावर गेला असता. 'नियमित' छापलं की खोटं बोलणारा विद्यार्थी ठरतो. मी पैसे परत मागितले तर एजंट शांतपणे म्हणाला, "घरी बसून पेपर कुणी लिहिले, मॅडम? अक्षर तुमचंच आहे ना?" त्या एका वाक्यावर मी चार महिने गप्प होते. अशी किती माणसं गप्प असतील?

त्याच 2025 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेनेही जाहीर केलं की तिच्या परवानगीशिवाय ऑनलाइन, दूरस्थ किंवा हायब्रिड पद्धतीने केलेलं एलएलएम ग्राह्य धरलं जाणार नाही. 'एक्झिक्युटिव्ह' किंवा 'प्रोफेशनल' असं नाव दिलं तरी नाही. तेव्हा अशी नावं ऐकलीत तर सावध व्हा. वर्ग कुठे भरतात, हजेरी कोण घेतं आणि गुणपत्रिकेवर पद्धत काय छापणार, हे विद्यापीठाच्या कुलसचिवांना थेट लिहून विचारा, एजंटला नव्हे. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच भरा. परीक्षेचा पेपर घरी आला तर त्याच दिवशी थांबा, तोवर कितीही पैसे भरलेले असोत. आणि अडकला असाल तर माझ्यासारखे चार महिने घालवू नका.

ज्युनिअरला मी सगळं सांगितलं आणि त्याच आठवड्यात पोलिस ठाण्यात तक्रार दिली. पैसे 2022 पासून गेलेले, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं फसवणुकीचं कलम 420. पदवी सप्टेंबर 2024 ची, म्हणून तेवढ्यापुरतं तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 318. घरी पेपर लिहिल्याचंही मी त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सोबत नक्कल विभागातून काढलेले रोजनामे, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी, जोडलेत. हॉल तिकिटांप्रमाणे ज्या अकरा दिवशी मी परराज्यातल्या केंद्रावर हजर होते, त्यांतल्या सात दिवशी बार्शीच्या रोजनाम्यात लिहिलेलं आहे: वादीतर्फे वकील हजर.