कोयनेची पहाट: आधी जुन्या फायली की आधी पडवी?

कोयनेचा भूकंप कादंबरीत आणायचा म्हटला की कोकणातल्या लिहिणाऱ्यापुढे पहिला पेच क्रमाचा. आधी ग्रंथालयात 1967 च्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळायच्या, की आधी गावातल्या म्हाताऱ्यांच्या पडवीत जाऊन बसायचं? दोन्ही करावंच लागतं. पण जे आधी डोक्यात बसतं, त्याच्याच मापानं पुढचं ऐकलं जातं.

फायली तारखांना पक्क्या. धक्का 11 डिसेंबरला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी बसला. तोवर त्या सकाळचे अंक छापून झालेले, म्हणून शोध 12 पासून. परदेशी नोंदींत 10 डिसेंबर दिसला तर गोंधळू नका, ती ग्रिनिचची वेळ आहे. सिंधुदुर्ग शोधत बसू नका. 1981 पर्यंत सावंतवाडीही रत्नागिरी जिल्ह्यातच होती, आणि रायगडचा तेव्हा कुलाबा होता. कोयनानगरची पडझड, दीडशेहून अधिक मृत, मुंबईची गेलेली वीज, हे सगळं मिळतं. घाटाखालच्या खेड्यांच्या वाट्याला मात्र, निदान मी पाहिलेल्या अंकांत, ओळ-दोन ओळी.

माझं पारडं फिरलं ते एका क्षुल्लक कारणानं: बांधणी. महिन्याचे अंक एकत्र शिवले की आतल्या बाजूच्या स्तंभातली शेवटची दोन-तीन अक्षरं शिवणीत जातात. गावाचं नाव अर्धं, आकडा अर्धा. फाईल जोर लावून उघडावी तर साठ वर्षांचा कागद घडीवर बिस्किटासारखा तुटतो. मोबाइलनं फोटो काढला तर तिथेच काळी सावली पडते. पान तिरकं धरून, खालून पांढरा कागद सरकवून थोडं वाचता येतं, पण एका पानाला पंधरा मिनिटं जातात. आणि एवढं करून हाती येतो तो परिणाम: किती घरं पडली. आधी काय झालं आणि मग काय, हा क्रम त्यात नसतो. प्रसंग तर क्रमावरच उभा राहतो.

तो क्रम म्हाताऱ्यांकडे असतो. ‘आधी गडगडलं, मग हादरलं’ हे घाटाखाली हमखास ऐकू येतं, आणि ते शास्त्राला धरून आहे. जलद लहर आधी पोचते, मोठा हादरा देणारी मागून. ढोबळ हिशेब असा, की कोयनेपासूनच्या सरळ रेषेतल्या किलोमीटरांना आठानं भागलं की मधले सेकंद मिळतात. चिपळूणला तीन-चार, गुहागरला सात-आठ. तेवढ्यात तुमचं पात्र कंदिलाची वात मोठी करू शकतं, माळ्यावरून खाली उतरू शकत नाही.

‘भूकंप कसा होता?’ असं मात्र विचारू नका. किल्लारीनंतर टीव्हीवर पाहिलेलं सगळं त्या उत्तरात येतं, आणि धक्का अर्धा तास चालतो. त्याऐवजी घराचा आराखडा काढायला लावा: ओटी, माजघर, गोठा, कोण कुठे झोपलं होतं, कुठल्या दारानं बाहेर आलं, कौलं कुठल्या बाजूची घसरली. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यावेळी पाच-सहा वर्षांच्या असलेल्यांचं बरंचसं नंतर घरात ऐकलेलं निघतं. बैठक सकाळची, पाऊणएक तासाची. पंखा बंद, फोन घडी घातलेल्या पंचावर. पावसाळ्यात जाऊच नये, पत्र्याची पन्हळ असेल तर ध्वनिमुद्रणात तेवढीच वाजते.

चुका इथेही होतात, पण त्या पकडता येतात. कुणी म्हणालं, ‘लख्ख चांदणं होतं,’ तर खोडू नका. पंचांग बघा: मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष होता, पण पहाटे चारला चंद्र केव्हाच मावळलेला. चांदणं बहुधा पुढच्या रात्रींचं, धास्तीनं अंगणात झोपलेल्या दिवसांचं. दत्तजयंती पाच दिवसांवर आली होती. म्हणून ‘दत्तजयंतीच्या आधी की नंतर?’ हा प्रश्न ‘तारीख कोणती?’पेक्षा कितीतरी उपयोगी. चुकलेल्या आठवणीतून कादंबरीला एक आख्खी रात्र मिळते, ती वेगळीच.

ज्यांची कादंबरी कोयनानगरात किंवा मुंबईच्या चाळीत घडते, त्यांनी खुशाल फायलींपासून सुरुवात करावी. घाटाखालच्या गोष्टीसाठी मी आधी पडवी म्हणेन, आणि ग्रंथालयात मागाहून, पाच-सहा ठरावीक प्रश्नांची चिठ्ठी घेऊन. बहुतेक प्रश्न तारखेचे उरतात, आणि तारीख पानाच्या डोक्यावर असते, शिवणीत जात नाही.