नव्या नोकरीचा निर्णय आणि लहान मुले: एका कारकीर्द समुपदेशन सेवेचे परीक्षण

जास्त पगाराची नोकरी समोर आली असताना घरात दोन लहान मुले असतील, तर सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. कमतरता असते ती दोन्ही बाजू आकड्यांत आणि तासांत मांडून दाखवणाऱ्याची. याच अपेक्षेने मी नुकतीच एका ऑनलाइन कारकीर्द समुपदेशन सेवेची मदत घेतली. पुढे काही तक्रारीही लिहिल्या असल्यामुळे सेवेचे नाव देत नाही. परंतु अशा स्वरूपाच्या सेवा आता बऱ्याच आहेत आणि त्यांच्याकडून काय मागावे व काय तपासून घ्यावे, हे लहान मुलांच्या आईवडिलांना उपयोगी पडेल असे वाटते.

सेवेची रचना साधी आहे. प्रथम एक सविस्तर प्रश्नावली भरायची, त्यानंतर काही दिवस आपल्या दिनक्रमाची तासवार नोंद ठेवायची, मग समुपदेशकाबरोबर व्हिडिओ सत्रे होतात आणि शेवटी लेखी अहवाल मिळतो. समुपदेशक बाई मनुष्यबळ विभागात दीर्घकाळ काम केलेल्या होत्या, त्यामुळे ऑफर लेटर कसे वाचावे हे त्यांना नेमके ठाऊक होते. कागदावर चाळीस टक्क्यांची दिसणारी पगारवाढ त्यांनी माझ्यासमोर उलगडून दाखवली: तिच्यातला काही भाग कामगिरीवर अवलंबून असलेला, म्हणजे खात्रीचा नसलेला, वाढीव रकमेवर प्राप्तिकर लागणार तो चढत्या दरातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा, आणि रुजू होताना मिळणारी एकरकमी रक्कम ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास परत करावी लागणारी. हे सारे वजा जाता दरमहा हातात येणारी खात्रीची वाढ सुमारे ३० टक्के उरली. दुसरीकडे, आजच्या नोकरीत काम आणि प्रवास मिळून आठवड्याला ४७ तास जातात, ते नव्या नोकरीत ६२ वर जाणार होते, म्हणजे तासांची वाढ जवळजवळ ३२ टक्के. थोडक्यात, ताशी मोबदल्यात वाढ नव्हतीच, किंचित घटच होती. हा हिशेब अवघड नाही, पण प्रवासाचे तास कामाच्या तासांत धरण्याची सवय आपल्याला नसते आणि त्यामुळे तो घरच्या घरी क्वचितच कोणी करतो.

ताशी दराच्या हिशेबावरच ही सेवा थांबली असती, तर मी तिला मध्यम दर्जाची म्हटले असते, कारण त्या हिशेबात दिवसाचा प्रत्येक तास सारख्याच किमतीचा धरला जातो. तिचे खरे मोल मला दिनक्रमाच्या नोंदीत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, त्यात दुपारची झोपही आली. मुले साडेआठला झोपत असतील आणि आई सहाला घरी पोहोचत असेल, तर संध्याकाळचे अडीच तास तिच्या वाट्याला येतात. ती साडेसातला पोहोचू लागली, तर दिवसाच्या चोवीस तासांतला फक्त दीड तास कमी होतो, पण मुलांच्या वाट्याच्या अडीच तासांतला एकच तास शिल्लक राहतो आणि तोही जेवण भरवणे, कपडे बदलणे आणि झोपवणे यातच संपतो. मुलांना उशिरा झोपवून ही भरपाई करता येत नाही, कारण सकाळी पाळणाघराची वेळ पाळायची असते आणि झोप तेवढी तुटते. समुपदेशक बाईंनी माझ्या नोंदीतले हे तास वेगळ्या रंगाने दाखवले आणि विचारले, की पगारवाढीच्या बदल्यात कोणते तास दिले जाणार आहेत? ‘किती तास’ याऐवजी ‘कोणते तास’ असा विचार सुरू झाल्यावर माझ्या मनातला गोंधळ बराच कमी झाला. सकाळी मुले उठण्याआधीचा किंवा रात्री ती झोपल्यानंतरचा तास मी देऊ शकत होते. संध्याकाळचा देऊ शकत नव्हते. मग नव्या कंपनीशी बोलायचे काय, तेही स्पष्ट झाले.

त्या बोलणीसाठी सेवेने दिलेली प्रश्नांची यादी उत्तम होती. बैठका साधारण किती वाजेपर्यंत चालतात, प्रोबेशनच्या काळात रजेचे नियम काय, सुटीच्या दिवशी फोन उचलणे अपेक्षित आहे का, आणि पगार थोडा कमी घेऊन वेळ निश्चित करून मिळेल का, असे ते प्रश्न होते. यांपैकी शेवटचा प्रश्न विचारायला मी स्वतःहून धजले नसते. त्याबरोबर एक सूचना होती, की त्याच विभागात काम करणाऱ्या आणि लहान मुले असलेल्या किमान दोघांशी स्वतंत्रपणे बोलावे. भावी वरिष्ठांनी वेळेबाबत लवचीकता असल्याचे तोंडी सांगितले होते, पण मनुष्यबळ विभाग ते लिहून द्यायला तयार नव्हता. आणि त्या विभागातल्या आईवडिलांशी बोलल्यावर कळले, की लवचीकता म्हणजे मुले झोपल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडणे. त्यांच्यापैकी कोणीही कंपनीबद्दल वाईट बोलले नाही. पण मला हवी असलेली माहिती त्या संभाषणांतून जितकी मिळाली, तितकी ऑफर लेटरमधून मिळाली नसती.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव अशी, की अहवालाच्या पहिल्या मसुद्यात पाळणाघराचा सगळा खर्च माझ्या पगारातून वजा केला होता. नवऱ्याच्या पगाराला त्याचा स्पर्शही नव्हता. मुले दोघांची, पाळणाघरामुळे नोकरी दोघांना करता येते, तरी खर्च मात्र आईच्या कमाईविरुद्ध मांडला, की तिची नोकरी परवडत नाही असे उत्तर निघणे जवळजवळ ठरलेलेच असते. मी हरकत घेतल्यावर समुपदेशक बाईंनी ती लगेच मान्य केली आणि सुधारित मसुद्यात खर्च दोन्ही उत्पन्नांवर विभागला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पण जी आई हरकत घेणार नाही, तिच्या आयुष्याचा निर्णय त्या चुकीच्या वजाबाकीवर होऊ शकतो. याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे जोडीदाराचे सत्र ऐच्छिक ठेवले आहे. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे, की अनेक व्यवसायांत दीर्घ आणि अवेळी काम करणाऱ्याला तासाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक मोबदला मिळतो आणि म्हणून मूल झाल्यावर जोडप्यातला एक जण, बहुधा पुरुष, तशी नोकरी धरतो, तर दुसरी व्यक्ती घराच्या हाकेला धावून जाता येईल अशी. हा प्रश्न मुळातच जोडप्याचा असेल, तर एकट्याशी बोलून दिलेला सल्ला अपुराच राहणार. आमचे सत्र मी आग्रहाने दोघांचे करून घेतले आणि त्यात प्रथमच असा विषय निघाला, की संध्याकाळचे तास नवऱ्याच्या नोकरीतून मोकळे करता येतील का. प्रश्नावलीत हा पर्याय कुठेही नव्हता.

मुलांच्या आजारपणाबद्दल प्रश्नावली पूर्ण गप्प आहे. पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे आणि अशा दिवशी घरी कोण थांबणार, यावर नोकरी टिकणार की रोज ताण वाढणार हे बरेचसे ठरते.

अहवालासोबत आलेल्या पुस्तिकेत, एका मर्यादेनंतर पैशाने सुख वाढत नाही, असे ठामपणे लिहिले आहे. त्यामागे डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांचा २०१० चा अभ्यास आहे, ज्यात वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरच्या पुढे अमेरिकेतील लोकांचे दैनंदिन भावनिक समाधान वाढत नाही असे आढळले होते. परंतु मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्या २०२१ च्या अभ्यासात अशी मर्यादा दिसली नाही आणि २०२३ मध्ये काहनेमन, किलिंग्सवर्थ व बार्बरा मेलर्स यांनी एकत्र काम करून दाखवले, की बहुतेकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच राहते, मर्यादा दिसते ती सर्वांत कमी समाधानी गटात. पुस्तिका ही पुढची बाजू सांगत नाही. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण कर्ज फेडणाऱ्या किंवा एकाच उत्पन्नावर चालणाऱ्या घरात जास्त पगार ही हाव नसते. ती मुलांचीच सुरक्षितता असते, आणि त्या पैशातून कामाच्या जवळ घर किंवा घरकामाला मदत मिळाली, तर गेलेला वेळ काही अंशी परतही येतो. अशा आईवडिलांना अपराधी वाटेल असे वाक्य सल्ल्याच्या कागदावर असू नये.

अहवालात एक कालमर्यादेचा तक्ता आहे, तो मात्र फार विचाराने केलेला आहे. धाकटे मूल शाळेत जाईपर्यंतची वर्षे आणि त्यानंतरची वर्षे वेगळी मांडून, अशीच संधी तेव्हा पुन्हा मिळण्याची शक्यता किती, तोवर कोणते कौशल्य ताजे ठेवावे लागेल आणि आजच्या नोकरीत पगारवाढ कधी मागता येईल, हे त्यात लिहिले आहे. मी ऑफर नाकारली आणि या तक्त्याच्या आधारे आहे त्या ठिकाणी वरच्या पदाची चर्चा सुरू केली. माझ्या जागी आजी-आजोबांची मदत असलेली किंवा कर्जाचा भार असलेली आई असती, तर याच अहवालावरून तिने नोकरी स्वीकारणेही योग्य ठरले असते. उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारले जात आहेत, असे मला सत्रांत कधी वाटले नाही.

वेळेच्या बाबतीत सेवा सुधारायला हवी. ऑफरला उत्तर देण्याची मुदत बहुधा थोडी असते आणि लेखी अहवाल ती संपत आली तेव्हा हातात पडला. ज्यांना ही किंवा अशी सेवा घ्यायची असेल, त्यांनी मुलाखतीच्या शेवटच्या फेरीपूर्वीच दिनक्रमाची नोंद सुरू करावी, पहिल्या सत्रापासून जोडीदाराला बरोबर बसवावे आणि पाळणाघराचा खर्च कोणाच्या पगारातून वजा होतो आहे, हे मसुद्यात सर्वांत आधी पाहावे.