गावच्या घरी ठेवायला विस्मृतीतली गाडी: इस्टेट, ३०९, स्टॉर्म की चिंकारा?

मुंबईत नाहीतर पुण्यात नोकरी, गुहागर-देवगडकडे वडिलोपार्जित घर आणि डोक्यात एक खूळ: गावाला अशी एखादी जुनी गाडी ठेवावी, की पंपावरचा पोरगाही वळून विचारेल, "दादा, ही कुठली?" अशा माणसासाठी हे लिहितोय. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा आणि सिएरा मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत. त्या जुन्या आहेत, पण विसरलेल्या नाहीत. सिएराच्या नावाने तर टाटाने २०२५ मध्ये नवी गाडी काढली, त्यामुळे जुनीचे मालकही आता सरळ बोलायला तयार नसतात.

उरलेल्यांतल्या चार घेतो. गंमत म्हणजे त्यांतल्या तीन आपल्याच किनारपट्टीवर बनल्या. प्युजो ३०९ कल्याणला (सरकारी हिशेबात कल्याण कोकण विभागातच येतं), चिंकारा रोडस्टर अलिबागजवळ आणि सॅन स्टॉर्म गोव्यात. चौथी, टाटा इस्टेट, घाटावरची. किनाऱ्यावर जन्मली म्हणून किनाऱ्यावर टिकेल असं मात्र अजिबात नाही.

कोकणात जुनी गाडी निवडताना मायलेज, पिकअप, सीटचं कापड हे सगळं नंतर. आधी दोन गोष्टी बघायच्या. गाडीचा सांगाडा खाऱ्या हवेत किती तग धरेल, आणि तिच्या इंजिनाचं गणगोत देशात किती शिल्लक आहे. या दोन्हींत पास होणारी गाडी यांत एक आहे, पण ती पावसाळ्यात नापास होते. तेव्हा तडजोड चारही ठिकाणी आहे. आपल्याला कुठली झेपते तेवढं ठरवायचं.

गंजाबद्दलचा एक गैरसमज आधी काढू. पाऊस गाडी खातो असं सगळे म्हणतात. खरं तर पाऊस मीठ धुऊन नेतो. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण हवेतला दमटपणा ओढून धरतात, पत्र्यावर ओलाव्याचा पातळ थर रात्रभर बसून राहतो, आणि तो खारट असल्यामुळे गंज भराभर पसरतो. म्हणून पत्रा आधी कुठे सडतो? जिथे पाऊस पोचत नाही पण वारा पोचतो तिथे: मडगार्डच्या आत, दारांच्या खालच्या दुमडीत, स्टेपनीच्या खळग्यात. दसरा ते मृग हे कोरडे महिनेच गाडीला जास्त खातात. त्यात वर प्लास्टिकचं कव्हर घातलं की आतला घाम आतच राहतो. बाजूंनी मोकळी पडवी किंवा पत्र्याची शेड चांगली, आणि दर पंधरवड्याला गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा फवारा. खालून जळकं ऑइल मारायची पद्धत अजून चालते. पत्र्याला त्याचा थोडा उपयोग होतो, पण ते रबरी बुश फुगवतं आणि आंगणातली माती खराब करतं. पोकळ भागांत मारायचं मेण मिळतं, ते घ्या. घर समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत असेल तर बरीच सूट मिळते. पुळणीला लागून असेल तर पुढचं सगळं दुप्पट काळजीने वाचा.

आता ३०९. हिच्यावर फार वेळ घालवत नाही. युरोपात १९८५ च्या सुमारास आलेली ही गाडी मुळात टॅलबॉट या नावाने निघायची होती, आयत्या वेळी तिच्यावर प्युजोचा शिक्का बसला. ३०६ च्या आधी ३०९ आली ती यामुळे. आपल्याकडे पद्मिनीवाल्या प्रीमियरच्या भागीदारीत ती १९९४ मध्ये सुरू झाली आणि दशक संपायच्या आत बंद पडली. चालवायला गोड आहे, खड्डे गिळते, आणि हातखंब्याच्या पुढच्या वळणांवर तिच्या वयाच्या कुठल्याही गाडीला मागे टाकेल. १.५ लिटरच्या डिझेल इंजिनाला देशात नातलगही होते: मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत हेच १५२७ सीसीचं प्युजो इंजिन घातलं, पुढे चिंचवडच्या प्रीमियर रिओतही तेच आलं. अडचण बॉडीची आहे. या गाडीला वेगळी चेसी नाही, पत्र्याचं कवच हाच सांगाडा. दाराखालचे उंबरे सडले की गाडीचा कणाच सडला. तिथे लांबी भरून रंग मारलेली ३०९ दिसायला टकाटक असते आणि जॅक लावला की दार बंद होत नाही. घराजवळ समुद्र असेल तर ही घेऊ नका. हेच इंजिन हवं असेल तर जुन्या रिओकडे बघा. इंजिन वेगळं चालणार असेल तर २०१२ नंतरची १.३ लिटर मल्टिजेट डिझेलची रिओ आणखी उत्तम, कारण ते इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा असल्या सगळ्यांत होतं आणि कुठल्याही मेस्त्रीला डोळे मिटून खोलता येतं. पण रिओला विसरलेली म्हणायला अजून वेळ आहे.

इस्टेटचं गणित नेमकं उलटं. १९९२ मध्ये आलेली ही लांबलचक, पाच दारांची, काचा बटणावर खालीवर होणारी गाडी तेव्हा श्रीमंतांसाठी होती आणि श्रीमंतांनी ती घेतली नाही. सिएराची ही सख्खी बहीण. पण सिएराला चाहते मिळाले, हिला कोणी विचारलं नाही. पत्रा हिचाही सडतो, आणि चांगलाच सडतो. फरक एवढाच की ही टाटाच्याच टेल्कोलाइन पिकअपच्या शिडीसारख्या वेगळ्या चेसीवर उभी आहे. वरची बॉडी कुरतडली गेली तरी चेसी जाड लोखंडाची असते. ती घासून, प्रायमर मारून वर्षानुवर्षं जपता येते, आणि वरचा पत्रा तुकड्या-तुकड्याने बदलता येतो. गावातला वेल्डिंगवाला हे काम करू शकतो. ३०९ च्या उंबऱ्याचं काम त्याच्यावर सोपवू नका.

इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, सुमारे ६३ अश्वशक्तीचं, टर्बो नाही. दीड टनाहून जड गाडीला हे कमीच. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात मागे एसटी आली तर बाजू द्यायची आणि खाली मान घालून वर जायचं. पण हेच इंजिन सुमोत होतं आणि टाटाच्या पिकअपमध्येही. कोकणात वडापच्या सुमोंवर हात साफ झालेले मेस्त्री तालुक्या-तालुक्याला आहेत. पंप, हेड गॅस्केट, क्लच प्लेट यासाठी मुंबईला खेप मारावी लागत नाही. एखाद्या रविवारी संध्याकाळी गाडी बंद पडली तर सोमवारी दुपारी ती पुन्हा रस्त्यावर असेल, असं या चौघींपैकी फक्त हिच्याबद्दल म्हणता येतं. चार माणसं, आंब्याच्या पेट्या आणि गणपतीचं सामान एकाच खेपेत नेणारीही हीच.

फायबरच्या दोन गाड्या. इथे मन पाघळतं, म्हणून जरा जपून.

सॅन स्टॉर्म गोव्यात बनलेली, दोन सीटची, कापडी छताची छोटी स्पोर्ट्स गाडी. आराखडा फ्रान्सच्या ल मान ग्रुपचा, बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं ११४९ सीसी, ६० अश्वशक्तीचं. वजन कमी असल्याने एवढी ताकद पुरते, आणि दाभोळहून फेरीने धोपाव्याला उतरून वेळणेश्वरकडे छत उघडं टाकून जायला यासारखी दुसरी गाडी नाही. मात्र तिचं इंजिन इथे निराधार आहे. युरोपात ते क्लिओ, ट्विंगोसारख्या ढीगभर गाड्यांत होतं, आपल्याकडे विकल्या गेलेल्या दुसऱ्या कुठल्याच रेनोत नाही. सेन्सर गेला, पाण्याचा पंप गेला, तर परदेशातून मागवायचा आणि कस्टमसकट वाट बघायची. बॉडी अमर आणि हृदय परदेशी, असा प्रकार.

चिंकारा रोडस्टर याच्या उलट. दिसायला १९५७ च्या लोटस सेव्हनच्या घराण्यातली: लांब नाक, उघडी चाकं, माणूस जवळजवळ रस्त्यावरच बसलेला. इंजिन इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल, म्हणजे कॉन्टेसात होतं ते, आणि नव्वदच्या दशकापासून अ‍ॅम्बेसेडरमध्येही होतं ते. अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारापासून कोलकात्याच्या मल्लिक बाजारापर्यंत याचे भाग हुडकता येतात. बॉडी गंजत नाही, इंजिनाला नातलग आहेत, बनली अलिबागला. दोन्ही परीक्षांत पास ती हीच. मग ज्येष्ठाचा पहिला पाऊस येतो आणि पुढचे चार महिने ती शेडमध्ये. सामान ठेवायला जागा नाही, आईला बसवता येत नाही, आणि फेरीच्या उतरणीवर पोट घासतं. घरात दुसरी गाडी असेल तरच हिचा विचार करावा.

दोघींबद्दल मिळून एक सांगायला हवं. "फायबर आहे, गंजाची काळजी नाही" हे विक्रेत्याचं वाक्य अर्धंच खरं. वरचं कवच फायबरचं असलं तरी खालची चेसी पोलादी नळ्यांची असते, आणि फायबरने झाकल्यामुळे ती दिसत नाही. बॉडीचे बोल्ट जिथे बसतात त्या जागा टॉर्च लावून बघा, नळीवर हातोडीने हलकेच ठोका. भुसभुशीत आवाज आला की निघून या. उन्हाने वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, पांढुरका पडतो आणि केसासारखे तडे जातात, ते मात्र फारसं मनावर घेऊ नका. मोटारीच्या डेंटिंगवाल्याला फायबर जमत नाही, पण मिरकरवाडा किंवा मालवण बंदरात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत. रेझिन, मॅट, जेलकोट हे त्यांचं रोजचं काम. होडीला बसलेली धडक सांधणाऱ्याला स्टॉर्मचा बंपर म्हणजे किरकोळ. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही सोय नाही.

पेट्रोलचा मुद्दा हल्ली नवा झालाय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरचे वायसर मऊ करतं. दमट हवेत अर्धी टाकी भरून महिनोन् महिने उभ्या गाडीत हे पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. चिंकारा आणि स्टॉर्म दोन्ही पेट्रोल. घेतल्यात तर नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला आणि मुंबईला परतताना टाकी रिकामी नाहीतर काठोकाठ ठेवा. इस्टेटला ही कटकट नाही.

कागदपत्रांकडे येतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्कच १०,००० रुपये झालंय. विंटेज म्हणून सवलत मिळेल या भ्रमात राहू नका: २०२१ च्या नियमाने त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, म्हणजे पहिल्या इस्टेटलाही २०४२ उजाडेल. रत्नागिरी असो की सिंधुदुर्ग, आरटीओत चेसी नंबर वाचता आला पाहिजे. खाऱ्या हवेतल्या गाडीचा तोच खाल्लेला असतो, तेव्हा सौद्याआधी नंबरवर पेन्सिल घासून ठसा घ्या.

शक्य असेल तर गाडी घाटावरून आणा, सातारा, सोलापूर, संभाजीनगर इथल्या कोरड्या हवेतली. आणि चिपळूण परिसरातली स्वस्त गाडी दिसली तर २०२१ च्या पुरात ती कुठे होती ते विचारा. सीटखालचा गालिचा उचलला, बेल्ट पूर्ण बाहेर ओढला, की गाळ उत्तर देतो.

माझं मत सरळ आहे. एकच गाडी आणि ती वापरायची असेल तर इस्टेट. घरी दुसरी गाडी, शेड आणि थोडा वेडेपणा असेल तर चिंकारा. स्टॉर्म फक्त त्याने घ्यावी ज्याला स्वतःला पाने-स्क्रू ड्रायव्हर चालवता येतात आणि वाट बघता येते. इस्टेट ठरली तर इंजिनाची चिंता सोडा. न मिळणाऱ्या वस्तू म्हणजे मागच्या बाजूच्या काचा, टेल लॅम्प, दारांचं रबर बीडिंग. भंगारात दुसरी इस्टेट पडलेली दिसली तर भाव ठरवायच्या आधी तिच्या काचा शाबूत आहेत का बघा, आणि असतील तर पूर्ण गाडीच उचला.