२७ इंची मॉनिटर: फुल एचडी की क्यूएचडी? निर्णय अनुस्वाराने केला

मॉनिटर २७ इंचीच घ्यायचा, इथवर बहुतेकांचं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते पुढे. फुल एचडी (१९२०×१०८० ठिपके, म्हणजे पिक्सेल) घ्यावा की थोडे पैसे वाढवून क्यूएचडी (२५६०×१४४०)? दुकानात दोन्ही शेजारी शेजारी लावलेले असतात, दोन्हींवर तोच निळा समुद्र आणि तोच पोपट. विक्रेता म्हणतो, "साहेब, डोळ्याला काही फरक कळत नाही." पोपटापुरतं त्याचं म्हणणं खरं आहे.

माझं काम मुद्रितशोधनाचं, जोडीला थोडीफार मांडणी. ऑफिसात २७ इंची फुल एचडी, घरी तेवढाच क्यूएचडी, असं बरेच दिवस चाललंय. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं दोन डोळ्यांच्या साक्षीवर.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकू. मोठा पडदा म्हणजे स्पष्ट अक्षर, असं आपण धरून चालतो. फुल एचडीत २४ इंचीवर जेवढे पिक्सेल, तेवढेच २७ इंचीवर. म्हणजे तेच अक्षर तितक्याच ठिपक्यांचं राहतं, फक्त प्रत्येक ठिपका फुगतो. २४ इंचीवर एका इंचात साधारण ९३ ठिपके मावतात, २७ इंची फुल एचडीवर ८२, आणि २७ इंची क्यूएचडीवर १०९. इंग्रजी वाचणाऱ्याला ८२ खपून जातात. रोमन लिपीत अक्षराच्या डोक्यावर बसणारं काही फारसं नसतंच. आय आणि जे यांचे टिंब सोडले तर वरचा मजला रिकामा.

आपल्याकडे खरी गर्दी शिरोरेषेच्या वर. 'वर्षात' आणि 'वर्षांत' हे दोन शब्द घ्या. 'या वर्षात' बरोबर, 'दहा वर्षांत' बरोबर. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो, भिस्त डोळ्यांवरच. आणि अनुस्वार बसतो नेमका कान्याच्या डोक्यावर, रफाराला खेटून. अकरा पॉइंटच्या अक्षरात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन पिक्सेल येतात. ऑफिसच्या मॉनिटरवर तिथे मला एक करडा डाग दिसतो. त्यात रफार एकटा आहे की अनुस्वारासकट, हे ओळखायला मान पुढे जाते. 'विद्यार्थ्यानी' की 'विद्यार्थ्यांनी', 'त्यानी' की 'त्यांनी', दर परिच्छेदात हेच. संध्याकाळी मान अवघडते, त्याचं निम्मं श्रेय मी या डागाला देतो. डॉक्टरांचं मत वेगळं असू शकेल.

झूम करा की, असं कुणी म्हणेल. करतोच. पण मग पान तुटतं, समास दिसत नाहीत, आणि मांडणी बघायची तर पुन्हा मागे यावं लागतं. क्यूएचडीवर विंडोजचं स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायची सोय) १२५ टक्के ठेवलं की अक्षराचा आकार २४ इंची फुल एचडीवरच्यापेक्षा किंचित मोठाच दिसतो आणि ते आडवे-उभे सव्वापट पिक्सेल घेऊन येतं. अनुस्वार सुटा दिसतो. माझ्यासाठी तुलना इथेच जवळजवळ संपली होती.

तरी दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण क्यूएचडी सगळ्यांना मानवेल असं नाही. तुमचं काम अजून पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामवर चालत असेल (छापखान्यांत तो आजही भेटतो, शेवटची आवृत्ती २००१ सालची असूनही), तर १२५ टक्क्यांवर असे जुने प्रोग्राम पुसट दिसतात. विंडोज त्यांचं चित्र नुसतं ताणतं. प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली डीपीआयची (स्केलिंग प्रोग्रामवरच सोपवायची) सोय आहे, तिने पुसटपणा जातो, पण मेनू मुंगीएवढे होतात. अशांनी २४ इंची फुल एचडी घेऊन सुखाने राहावं. फार जुन्या लॅपटॉपची एचडीएमआय (मॉनिटर जोडायची जोडणी) १९२०×१२०० च्या पुढे जात नाही, तेही आधी पाहून ठेवा. गेम खेळणाऱ्यांना ग्राफिक्स कार्डावर पाऊणपट जादा पिक्सेलचा भार पडेल. आणि मॅक असेल तर सरळ फोर-केकडे (क्यूएचडीहूनही दाट ठिपक्यांच्या पडद्याकडे) जा. मॅकच्या २०१८ च्या मोहावे या आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा घोटण्याची जुनी पद्धत बंद केली, तेव्हापासून मॅकवर क्यूएचडीतलं बारीक अक्षर मला तरी मऊ वाटतं.

मग विंडोजवाल्यांनीही फोर-केच का घेऊ नये? घ्या, खिसा आणि मशीन दोन्ही तयार असतील तर. फक्त जुनी एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच (सेकंदाला ३० चित्रं) चालतं, आणि माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा चालतो.

पॅनेलचं, म्हणजे आतल्या पडद्याचं, थोडक्यात. नेहमी भेटणारे दोन प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा. त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३०००:१, तर नेहमीच्या आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यांनी व्हीए घ्यावा. आयपीएसचे कोपरे अंधारात उजळलेले दिसतात. पण गडद थीममध्ये मजकूर भराभर सरकवला की व्हीएवर अक्षरांमागे सावली ओढली जाते, आणि शेजारी बसून कुणी पान तपासत असेल तर त्याला रंग उतरलेले दिसतात. दोघांच्याही खोक्यावर बघण्याचा कोन १७८ अंश लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नका. कागदपत्रांच्या कामाला मी आयपीएस म्हणेन.

आता एक सल्ला, जो दुकानदाराला आवडणार नाही. नवा घेण्याआधी जुना खरंच गेलाय का, ते तपासा. चित्र थरथरत असेल तर मॉनिटरचाच मेनू उघडा, बटणं दाबून येतो तो. मेनू स्थिर आणि मागचं चित्र तेवढं थरथरतंय, तर संशय केबल, पोर्ट किंवा ग्राफिक्स कार्डावर घ्या. मेनूही थरथरत असेल तर दोष बहुधा मॉनिटरमध्ये. पडदा काळा पण पॉवरचा दिवा चालू असेल, तर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. अंधुक खिडक्या दिसल्या तर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) गेला, चित्र शाबूत आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. रुसलेला पडदा कधीकधी तेवढ्यावर परत येतो.

खुर्चीवरून उठलं की पडदा क्षणभर काळा पडतो, अशी तक्रार ऐकली तर हसू नका. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून स्थिर विजेचा झटका निघतो आणि कमी प्रतीच्या केबलला तो सहन होत नाही. आखूड, चांगल्या प्रतीची केबल लावून बघा. एचडीएमआय लावल्यावर काळा रंग राखाडी दिसत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज लिमिटेडची फुल करा. लिमिटेड हे टीव्हीसाठीचं माप असतं. आणि नवा क्यूएचडी घेऊनही अक्षर पुसट दिसत असेल, तर रिझोल्यूशन २५६०×१४४० आहे ना, ते आधी बघा. जुनी सेटिंग १९२०×१०८० वरच राहिली असेल तर क्यूएचडीवर ती फुल एचडीपेक्षाही वाईट दिसते, आणि लोक मॉनिटरला बोल लावतात.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा किंवा घराजवळच्या दुकानात, पेन ड्राइव्हवर स्वतःची एक मराठी पीडीएफ न्या. शंभर टक्क्यांवर उघडा, रोजच्या अंतरावर बसा आणि रफार-अनुस्वारांची गर्दी असलेला परिच्छेद वाचा. फुल एचडीवर तो अडखळल्याशिवाय वाचता आला तर वाचलेल्या पैशांत वरखाली होणारं चांगलं स्टँड घ्या, मी अडवणार नाही. ऑनलाइन मागवत असाल तर परतीची मुदत आधी वाचा, कारण एखादा मेलेला पिक्सेल बऱ्याच कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. आल्या दिवशीच पडद्यावर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग लावून कोपरे तपासा, आणि मुदत संपेपर्यंत खोकं माळ्यावर टाकू नका.