शेजारून चालणाऱ्या पोरी: रेझिडेंट ईव्हिलमध्ये कुणासाठी कोणता गेम घ्यावा

रेझिडेंट ईव्हिल या झोंबींच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या बायका म्हटलं की नावं ठरलेली. जिल, क्लेअर, एडा. कव्हरवर त्याच, वादावादीतही त्याच. त्यांच्यासाठी गेम निवडायला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही. पण नायकाच्या शेजारून धावणाऱ्या, मधेच गायब होणाऱ्या पोरींमध्ये तुमचा जीव अडकत असेल आणि सेलमध्ये एकच गेम घ्यायचा असेल, तर निवड अवघड होते. माझी कसोटी साधी आहे: ती सोबत नसेल तर माझं काय अडतं?

रिबेका चेंबर्स १९९६च्या पहिल्या गेममध्ये येते. अठरा वर्षांची, पोलिसांच्या विशेष पथकातल्या ब्राव्हो टीमची मेडिक. खेळायला ख्रिस किंवा जिल यांपैकी एकाला निवडायचं असतं; तुम्ही ख्रिस निवडलात तरच ती भेटते. जिल घेतलीत तर सोबतीला बॅरी असतो. तिचा माझा आवडता प्रसंग पियानोचा. ख्रिसला पियानो येत नाही. रिबेका बसते, चुकते, आणि सरावासाठी वेळ मागते. तुम्ही झोंबींच्या वाड्यात एक चक्कर मारून येता, तोवर तिने बीथोव्हेनचा ‘मूनलाइट सोनाटा’ बसवलेला असतो आणि बंद दार उघडतं. एवढ्याशा प्रसंगात पोरगी कळते.

तिला खरा वाव मिळाला तो २००२च्या ‘रेझिडेंट ईव्हिल झीरो’मध्ये. इथे रिबेका आणि फरार कैदी बिली या दोघांना आलटूनपालटून चालवायचं. औषधी हर्ब आणि केमिकल मिसळणं फक्त तिला जमतं, अंगाने लहान असल्याने अरुंद जागांत तीच शिरते. जड सामान ढकलायला बिली लागतो, आणि मार खायची ताकदही त्याच्यातच जास्त. म्हणजे कसोटीला ती पूर्ण उतरते. पण झीरो मनस्ताप देतो, हे आधीच सांगून ठेवतो. सामान ठेवायच्या पेट्याच नाहीत. प्रत्येकाकडे सामानाचे सहा खण, उरलेलं जमिनीवर टाकायचं. त्यात हुक मारून वर चढायची हुकशॉट बंदूक दोन खण अडवून बसते. मी ती एकदा मागे टाकून निवांत पुढे गेलो आणि नंतर आणायला अख्खा रस्ता परत तुडवला. संयम असेल तरच या वाटेला जा.

शेवा अलोमारचं दुखणं वेगळं. २००९च्या पाचव्या भागात ती शेवटपर्यंत ख्रिसच्या बरोबरीने लढते, दोघांना नऊ-नऊ खण, आणि दोघांपैकी एक मेला तरी खेळ खलास. कागदावर एवढी समानता क्वचित दिसते. तरी एकट्याने खेळताना पहिल्या वेळी तुम्हाला तिला चालवताच येत नाही. एकदा गेम संपवा, मग ती मिळते. तोवर ती कॉम्प्युटरच्या हातात. जरासं खरचटलं की हर्ब वापरून मोकळी, आणि गोळ्या दिल्या की त्या कुठे गेल्या ते विचारू नका. लोक तिला नावं ठेवतात ती बहुतेक या कॉम्प्युटरच्या शेवाला. माझ्या धाकट्या भावाने स्प्लिट-स्क्रीनवर शेवा घेतली तेव्हा तोच गेम वेगळा वाटला, आणि आमच्या दोघांत हर्ब कुणी वाया घालवले ते मी लिहिणार नाही. बक्षीस म्हणून या प्रशिक्षित एजंटला ‘ट्रायबल’ नावाचे तोकडे कपडे चढवायची सोय का करावी, हे मात्र मला आजही पटलेलं नाही. सहा, सात, आठ, यांपैकी एकाही भागात ती परत आली नाही.

शेरी बर्किनबद्दल थोडक्यात. दुसऱ्या भागातली लहान मुलगी २०१२च्या सहाव्या भागात सरकारी एजंट होऊन येते. तिथे जेक या नायकाच्या कथेत तिला पहिल्यापासून चालवता येतं, पण तो गेम इतका आरडाओरडा करतो की शेरी त्यात हरवते. त्यापेक्षा दुसऱ्या भागाच्या २०१९च्या रीमेकमधला, अनाथाश्रमात लपतछपत फिरायचा तिचा छोटा भाग चांगला.

चौथ्या भागात नायक लिऑन जिला सोडवायला जातो त्या अॅशलीला २००५मध्ये लोकांनी ‘लिऑन, हेल्प’साठी भरपूर शिव्या घातल्या. २०२३च्या रीमेकमध्ये तिची वेगळी हेल्थ काढून टाकली आहे, बोलण्यातही जान आली आहे. निळा कंदील घेऊन ती एकटी चालत्या चिलखतांना थोपवते तो भाग छान. उरलेल्या वेळात मात्र ती सांभाळायचीच जबाबदारी.

माझं मत जातं याच मालिकेतल्या २०१५च्या रेव्हिलेशन्स २ला. नाव कमी घेतलं जातं म्हणून तो बऱ्याच जणांकडून सुटतो. यात क्लेअरबरोबर मॉयरा बर्टन आहे, पहिल्या गेममधल्या त्याच बॅरीची मुलगी. लहानपणी तिच्या हातून बंदूक सुटून धाकट्या बहिणीला लागली होती, तेव्हापासून ती बंदुकीला हात लावत नाही. हे नुसतं संवादात सांगून सोडलेलं नाही, तुमच्या बोटांना जाणवतं. तिच्याकडे टॉर्च आणि पहार. टॉर्चने शत्रूचे डोळे दिपवायचे, कोपऱ्यातली लपलेली वस्तू शोधायची, पहारेने खिळे ठोकलेली दारं उचकटायची. क्लेअर गोळ्या झाडते, पण मॉयराने उजेड नीट धरला नाही तर गोळ्या वाया जातात. दुसऱ्या कथेत बॅरीबरोबर छोटी नतालिया आहे. तिला भिंतीपलीकडचा शत्रू दिसतो, आणि काही अदृश्य किडे तर फक्त तिलाच. ती बोट दाखवते, तुम्ही बॅरीकडून गोळी झाडता. आठदहा वर्षांच्या पोरीच्या बोटावर विसंबून नेम धरताना घाम फुटतो.

दुसरा कंट्रोलर आणि तो धरणारा हक्काचा माणूस असेल तर पाचवा घ्या, शेवाला न्याय मिळेल. कोडी आणि जुनी धाटणी आवडत असेल तर झीरो. एकट्याने खेळणार असाल तर बाकीचं सोडा, रेव्हिलेशन्स २ घ्या. फक्त क्लेअरच्या कथेत तिसऱ्या एपिसोडच्या अखेरीस जमिनीवर बंदूक पडलेली दिसेल, तेव्हा क्लेअरलाच धरून बसू नका. माणूस बदलायचं बटण अंगठ्याखाली तयार ठेवा.