निकोटीन गम: भावासाठी सहा महिने वापरून बघितली
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्यासाठी क्लोझापिन हे औषध चालू आहे, आणि त्यावर दिवसाला दीड-दोन पाकीट सिगरेट, वरून खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण). नागपुरात दर चौकात पानठेला, कुठून कुठून वाचवायचं त्याला? उठल्या उठल्या सिगरेट लागायची म्हणून डॉक्टरांनी ४ मिलीग्रॅमची गम लिहून दिली.

सुरुवातीला तो च्युइंगमसारखी चावायचा आणि उचकी, मळमळ, म्हणे "दादा, मले नाही होत हे". चूक आमचीच होती, ही गम हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, मग परत चावायची, असं अर्धा तास. आणि आधी १५ मिनिटं चहा नाही, चहाने निकोटीन नीट शोषलंच जात नाही, आमच्या घरी हेच सगळ्यात कठीण गेलं.

एक गोष्ट मात्र नक्की वाचा. सिगरेटच्या धुरामुळे क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातं, निकोटीनमुळे नाही, म्हणजे गम घेऊनही सिगरेट कमी झाली की औषध रक्तात वाढतं. आमचा भाऊ दिवसभर झोपायला लागला, लाळ गळायची, मी तर घाबरलोच. डॉक्टरांनी रक्त तपासून डोस कमी केला. त्यांना आधी सांगा, नंतर नाही.

महाग पडते, चव तिखट. पण आज तो दिवसाला तीन सिगरेटवर आलाय. खर्रा अजून सुटला नाही. मी ओरडणं सोडलं, त्याने फरक पडला. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फुकट फोन नंबरवरही (क्विटलाइन) बोलतो आम्ही दोघं.