झॅबिक्समधले होस्ट ग्रुप: दोन-तीन साइट सांभाळणाऱ्यांनी नक्की बघा

झॅबिक्स, म्हणजे नेटवर्कवरच्या डिव्हाइसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे हे बहुतेकांना माहितीये, पण मला ते आवडतं ते होस्ट ग्रुपमुळे, म्हणजे डिव्हाइसचे गट पाडता येतात त्यामुळे. आमचं हेड ऑफिस शिवाजीनगरला, प्लांट भोसरी एमआयडीसीत आणि गोडाऊन चाकणला, आता नेटवर्क स्विच, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, कॅमेरे, यूपीएस, बायोमेट्रिक सगळं एकाच लांबलचक लिस्टमध्ये असेल तर काय बंद पडलंय ते शोधतानाच जीव जातो. इथे ग्रुपच्या नावात तिरकी रेघ टाकायची, भोसरी/शॉप फ्लोअर असं, की आतला ग्रुप तयार, आणि फिल्टरला नुसतं भोसरी निवडलं तरी आतलं सगळं दिसतं. शिवाय एक डिव्हाइस कितीही ग्रुपमध्ये चालतं. मी जागेप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे असे दोन्ही केलेत, त्यामुळे तिन्ही ठिकाणचे यूपीएस एकदम बघता येतात.

खरा फायदा गुरुवारी कळतो. भोसरीला गुरुवारची सुट्टी, शॉप फ्लोअरवरची लाइट मेनपासून बंद करतात, मग तिथले स्विच जाणारच आणि अलर्ट येत राहणार. आता शॉप फ्लोअरच्या अख्ख्या ग्रुपला दर आठवड्याचा मेंटेनन्स (तेवढ्या वेळात अलर्ट थांबवणारी सोय) लावलाय, नवीन स्विच त्या ग्रुपमध्ये टाकला की त्यालाही तो लागू, वेगळं काही करायला नको. गेटवरचे कॅमेरे वेगळ्या ग्रुपमध्ये आहेत म्हणून त्यांचे अलर्ट सुट्टीच्या दिवशीही येतात, आणि ते यायलाच हवेत!

परमिशन मात्र आधी कागदावर मांडून घ्या. एकेका डिव्हाइसला परवानगी देता येत नाही, युजर ग्रुपला होस्ट ग्रुपच द्यावा लागतो, म्हणजे चाकणच्या माणसाला फक्त चाकण दिसायला हवं असेल तर ग्रुप तसेच पाडायला हवेत.

अजून एक, साइटची नेटवर्क लिंक तुटली की मागची सगळी डिव्हाइस लाल होतात, ते नुसत्या ग्रुपने थांबत नाही, त्यासाठी ट्रिगर डिपेंडन्सी (पुढचं बंद असेल तर मागच्यांचे अलर्ट दाबणारी सेटिंग) लावावी लागते आणि ते काम किचकट आहे. जुने व्हिडिओ बघून शिकणार असाल तर ६.२ व्हर्जनपासून टेम्प्लेटचे (तयार मॉनिटरिंग सेटिंगचे) ग्रुप होस्ट ग्रुपपासून वेगळे झालेत हे लक्षात ठेवा, नाहीतर मेनू शोधत बसाल.

एकाच मजल्यावर दहा-पंधरा डिव्हाइस असतील तर एवढा खटाटोप नको. साइट जास्त असतील आणि प्रत्येकीचा सबनेट (आयपी पत्त्यांची रेंज) वेगळा असेल तर डिस्कव्हरी ॲक्शन पण लावा, आयपी बघून डिव्हाइस आपोआप आपापल्या ग्रुपमध्ये जातं.